डावा चॅनेल उण्यातून अधिकात सरकतो, आणि शिवाय घरघर

टाचणी:

नमस्कार मंडळी. हेडफोन ॲम्प हाताने बनवला आहे. वाजतो, आणि बराच बरा वाजतो. तरी गेले नऊ दिवस मी त्यावर एकही गाणं धड ऐकलेलं नाही, नुसती मीटर लावून बसते. तक्रारी दोन आहेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून दोन्ही इथेच ओतते.

आधी सर्किट. आयसी नाही, सगळे सुटे ट्रान्झिस्टर. पुढे दोन बीसी५५०ची जोडी, तिला मी टी-१ आणि टी-२ म्हणते. सिग्नल टी-१ला, फीडबॅक (आउटपुटचा परत आणलेला हिस्सा) टी-२ला. दोघांच्या एमिटरखाली १५ के (किलोओहम) थेट उणे १५ व्होल्टला, म्हणजे जोडीत मिळून १ मिलिअँपिअरच्या आत-बाहेर. मग एक बीसी५६०, आणि शेवटी बीडी१३९ व बीडी१४०, दोघांच्या एमिटरला ४.७ ओहम. संगीत बंद असताना शेवटच्या जोडीतून ४० मिलिअँपिअर वाहतात. फीडबॅकला ४.७ के आणि १.२ के, म्हणजे गेन (सिग्नल किती पट होतो तो) पाचाच्या किंचित खाली. इनपुटला १० केचा पॉट (आवाजाचा नॉब), पुढे २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, आणि टी-१च्या बेसवरून ग्राउंडला १० के. सप्लाय नेहमीचाच: १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड, ७८१५ आणि ७९१५ रेग्युलेटर. सगळं व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या आणि भोकं असलेला बोर्ड), रंग दिलेल्या लोखंडी डब्यात. हेडफोन ३२ ओहमचा.

तक्रार पहिली. सिग्नल नसताना आउटपुटला शून्य हवं, तिथे जो डीसी उरतो तो ऑफसेट. थंड असताना तो डावीकडे उणे ४६ मिलिव्होल्ट, उजवीकडे उणे ४३. एवढं तरी चालून गेलं असतं. पण दहा मिनिटांनी डावा उणे १० वर येतो. साधारण पंधराव्या मिनिटाला शून्य! पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, बरा झाला बिचारा आपला आपणच. मीटर बंद करून हातपाय धुऊन आले, तर अधिक १७. चाळीस मिनिटांनी अधिक ३५ वर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. तेवढ्याच वेळात उजवा उणे ४३ वरून उणे ३९. दोन्ही बाजूंना तेच भाग, त्याच पाकिटातले.

काय काय करून पाहिलं: डाव्याचे बीडी१३९-१४० बदलले, फरक नाही. बीसी५६० बदलला, नाही. इनपुटचा कपॅसिटर काढून टाकला, नाही. मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून पाहिले, शून्य दाखवतो. नॉब फिरवल्याने ऑफसेट हलत नाही.

तक्रार दुसरी, घरघर. आवाज पूर्ण बंद असतानाही दोन्ही कानांत खरखरीत घर्रर्र. नॉबशी त्याला काही देणंघेणं नाही. नॉब अर्ध्यावर आणला की तिच्यावर दुसरी, मऊ अशी एक गुणगुण चढते, आणि नॉब पूर्ण फिरवला की ही दुसरी कमी होते. स्टार ग्राउंड (सगळी ग्राउंडं एकाच बिंदूवर) केलेलं आहे, बरं का. सगळी ग्राउंडं बोर्डावरच्या एकाच पट्टीवर आणली आहेत. ते विचारू नका.

खटपट्या:

ट्रान्झिस्टर डुप्लिकेट असणार, दुसरं काय. सगळे काढून नवे टाक. आणि घरघरीला सोपा उपाय: थ्री-पिन प्लगमधली अर्थची वायर काढून टाक. माझ्याकडे दोन ॲम्प असेच चालतात, चिडीचूप.

जुना_वायरमन:

वरचा दुसरा सल्ला कोणीही पाळू नये. टाचणीताई, तुम्ही तर मुळीच नाही. डबा लोखंडी आहे. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी फाटलं, किंवा मेनची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थ असेल तरच फ्यूज उडेल. अर्थ नसेल तर डबा तसाच जिवंत राहून वाट बघेल, आणि तुमच्या डोक्यावर त्याच डब्याला जोडलेला हेडफोन असेल. घरघर गेली म्हणजे दोष गेला असं नसतं. खटपट्या, तुझे ते दोन ॲम्प आजच उघड.

घरघरीवर रात्री सविस्तर लिहितो. तोवर एक सांगा, ती घर्रर्र ५० हर्ट्झची आहे की १००ची?

मीटरवाला:

मी ऑफसेटचं बघतो, घरघर काकांकडे.

ताई, तुमचे आकडे इतके स्वच्छ आहेत की भाग बदलत बसायची गरजच नव्हती. दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या आहेत. एक म्हणजे थंड असतानाचे उणे ४६, दुसरी म्हणजे नंतरचं सरकणं.

थंडचं आधी. टी-१मधून अर्धा मिलिअँपिअर जातो. बीसी५५०च्या सी गटाचा करंट गेन पाचशेच्या आसपास धरा. म्हणजे बेसला १ मायक्रोअँपिअर लागतो. तो येतो कुठून? ग्राउंडवरून, तुमच्या १० केमधून. १ मायक्रोअँपिअर गुणिले १० के, झाले १० मिलिव्होल्ट, आणि एनपीएन असल्यामुळे बेस ग्राउंडच्या खाली, म्हणजे उणे. टी-२लाही तेवढाच करंट लागतो, पण त्याला दिसतात ४.७ के आणि १.२ के समांतर, म्हणजे १ केहून कमी. तिथे जेमतेम १ मिलिव्होल्ट पडतो. फरक राहिला ९ मिलिव्होल्टचा. तुमच्या १.२ केच्या खाली कपॅसिटर नाही, ते थेट ग्राउंडला आहेत, त्यामुळे डीसीलाही गेन पाचच. नऊ पंचे पंचेचाळीस. तुमचा उणे ४६ हाच. उजव्याचा ४३ म्हणजे त्याच्या ट्रान्झिस्टरचा गेन थोडा जास्त, एवढंच. यात बिघाड कुठलाच नाही. सर्किट जसं काढलंय तसंच वागतंय.

आता सरकणं. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. जोडीतले दोघे एकत्र तापले तर दोघांचा सारखाच उतरतो आणि बाहेर काही दिसत नाही. जोडी घालायची ती त्यासाठीच. पण एकटा टी-१ तापला तर? दर अंशाला २ मिलिव्होल्टचा फरक, गुणिले पाच, म्हणजे आउटपुटला दर अंशाला १० मिलिव्होल्ट, अधिक दिशेला. तुमचा डावा उणे ४६ वरून अधिक ३५ वर गेला, म्हणजे ८१. तेव्हा टी-१ हा टी-२पेक्षा आठ अंशांनी गरम आहे. पंधराव्या मिनिटाचं ते शून्य म्हणजे दोन चुका एकमेकींना क्षणभर भेटल्या होत्या.

आता बोर्ड न बघता पैज लावतो: डावीकडे टी-१ हीटसिंकला (बीडी१३९-१४० गार ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) लागून आहे आणि टी-२ लांब आहे.

खात्री करायची असेल तर हे थंड असतानाच करा. बॉलपेनची रिकामी नळी तोंडात धरा, दुसरं टोक टी-१च्या डोक्याजवळ न्या आणि हळू, उबदार श्वास सोडा. फुंकर नको, फुंकरीने गार होतो. मीटर अधिककडे धावेल. मग टी-२वर तेच करा, उणेकडे धावेल. तापल्यावर बोटाने धरून बघू नका, कारण ४५ अंशांच्या ट्रान्झिस्टरला आपलं बोट गारच असतं आणि सगळं उलटं दिसतं.

उपाय दोन आणि दोन्ही करा. १.२ केच्या ग्राउंडकडच्या पायात २२० मायक्रोफॅरड टाका. कोपरा, म्हणजे ज्याच्या खाली गेन उतरू लागतो ती जागा, ०.६ हर्ट्झवर जातो, ऐकण्यात काही बदल नाही, पण डीसीचा गेन पाचावरून एकावर येतो. मग टी-२च्या बेसला डीसीसाठी फक्त ४.७ के दिसतील, टी-१ला १० के, राहिलेला फरक ५ मिलिव्होल्टच्या आसपास. सरकणंही ८१चं १६-१७ होईल. आणि दुसरं, टी-१ व टी-२ चपट्या बाजूने एकमेकांना चिकटवा, म्हणजे दोघे एकाच तापमानाला राहतील.

अजून एक. मापताना हेडफोन लावू नका. त्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर लावा. ४६ मिलिव्होल्टने हेडफोन जळत नाही, दीड मिलिअँपिअरसुद्धा होत नाही, पण बोर्डावर हात चालू असताना काय होईल सांगता येत नाही.

टाचणी:

पैज जिंकलात.

बोर्ड उघडून पट्टीने मोजलं. डाव्या चॅनेलची हीटसिंक टी-१पासून ३ मिलिमीटरवर आहे आणि टी-२ तिथून दोन सेंटिमीटर पलीकडे. उजवीकडे मी डाव्याची मांडणी जशीच्या तशी उचलून पुढे ठेवली, पण हीटसिंकला तिथे जागा उरली नाही म्हणून ती बोर्डाच्या कडेला गेली. त्यामुळे उजवा शहाणा निघाला. यात माझी अक्कल काहीही नव्हती.

आणि ती बॉलपेनची नळी! मीटर २०० मिलिव्होल्टवर, आकडा उणे ४६.२ वर स्थिर. टी-१वर श्वास सोडला. अर्ध्या सेकंदात ४४, ४१, ३८, ३५... श्वास संपला तेव्हा उणे ३१. मग तो आकडा आपला रमतगमत मागे, ३३, ३६, मिनिटभराने पुन्हा ४६. टी-२वर सोडला तर उणे ५८. मी हे किमान वीस वेळा केलं. घरातल्यांना दाखवलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही.

इतके दिवस मी भाग बदलत होते आणि दोष जागेचा होता. कपॅसिटर उद्या टाकते, चिकटवणं परवा.

जुना_वायरमन:

आता घरघर.

मी ५० की १०० विचारलं त्याचं कारण सांगतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गळतीतून किंवा हवेतून वायरीवर बसलेली गुणगुण ५०ची असते, मऊ, तंबोऱ्याच्या खर्जासारखी. ब्रिजनंतरचं सगळं १००चं असतं, कारण दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या जातात. शिवाय ते गोल नसतं. कपॅसिटर सगळा वेळ भरत नाही, लाटेच्या शेंड्यावर एक-दोन मिलिसेकंद घटाघट पितो आणि बाकी वेळ तोंड मिटून बसतो. म्हणून १००बरोबर २००, ३००, ४०० अशी सगळी रांग येते आणि कानाला खरखरीत लागते. तुम्ही स्वतःच पहिलीला ‘खरखरीत’ आणि दुसरीला ‘मऊ’ म्हटलं आहे. म्हणजे कानाने उत्तर आधीच दिलंय, दोन वेगळे आजार आहेत.

मऊ वाली आधी, ती सोपी आहे. पॉट अर्ध्यावर असताना त्याच्या मधल्या पायाला सगळ्यात जास्त रेझिस्टन्स दिसतो. पूर्ण खाली असताना तो पाय ग्राउंडला चिकटलेला, पूर्ण वर असताना सोर्सला. म्हणून तिथे जे हवेतून बसतं ते मध्येच जास्त ऐकू येतं. पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला असेल तर ते असलं बसूच देत नाही. तुमचं आहे का? डबा लोखंडी असला तरी रंग दिलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि रंग वीज नेत नाही. पॉटच्या नटाला बोट लावून ऐका. गुणगुण बदलली तर तेच.

आता खरखरीत. यावर मात्र भांडतो. तुम्ही म्हणता स्टार ग्राउंड आहे, सगळी ग्राउंडं एकाच पट्टीवर आहेत, आणि वर म्हणता ते विचारू नका. मी तेच विचारणार. ताई, पट्टी म्हणजे बिंदू नव्हे. व्हेरोबोर्डावरचं तांबं ०.०३५ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, रुंदी दोनेक मिलिमीटर, त्यातही भोकं. सेंटिमीटरला दोन-अडीच मिलिओहम धरा. आता तुमचा सगळा ॲम्प मिळून १०० मिलिअँपिअरच्या आसपास पितो, पण कपॅसिटर तो करंट शेंड्यावरच्या घोटांत घेतो, म्हणून घोट सरासरीच्या पाच-सहा पट. अर्धा अँपिअर समजा. तो अर्धा अँपिअर ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरीपासून कपॅसिटरांच्या पायांपर्यंत त्या पट्टीतून धावतो, सेकंदाला शंभर वेळा. मध्ये एक सेंटिमीटरवर जर तुमच्या इनपुटचं ग्राउंड एका भोकात आणि फीडबॅकचं ग्राउंड चार भोकं पुढे दुसऱ्यात असेल, तर त्या दोघांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला. ॲम्पला तो सिग्नलच वाटतो. त्याने पाचाने गुणून तुमच्या कानात ओतला.

५ मिलिव्होल्ट म्हणजे किती? १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा ३२ ओहमचा हेडफोन ०.१८ व्होल्टवर तिथे पोचतो. तुमचे ५ मिलिव्होल्ट त्याच्या फक्त ३० डेसिबल खाली आहेत. स्पीकरच्या ॲम्पमध्ये हे खपून जातं, हेडफोन मात्र कानाला चिकटलेला असतो.

नियम एवढाच: घोटांचा रस्ता आणि सिग्नलचा रस्ता एक नको. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर आधी दोन्ही मोठ्या कपॅसिटरांच्या जोडावर जाईल आणि तिथेच संपेल. त्या जोडावरून एकच वायर निघेल, ती तुमच्या खऱ्या स्टारला. रेग्युलेटरचं, इनपुटचं, फीडबॅकचं, हेडफोनच्या परतीचं, सगळं त्या स्टारवर, वेगवेगळ्या वायरींनी. स्टार म्हणजे एक बोल्ट किंवा डाखाचा एक गोळा. पट्टी नव्हे.

तुमच्या पट्टीवर कोण कुठल्या भोकात आहे ते क्रमाने लिहा. मला बघायचंय.

टाचणी:

काका, शरमेने लिहिते. डावीकडून: पहिल्या भोकात ट्रान्सफॉर्मरची मधली वायर. पाचव्यात इनपुटचं ग्राउंड. नवव्यात दोन्ही फीडबॅकची. अकराव्यात हेडफोनची परतीची. आणि मोठे कपॅसिटर अठराव्यात.

म्हणजे घोट पिणारे शेवटी, पाजणारा पहिल्यात, आणि बाकी सगळे बरोबर मध्ये, रस्त्यावर उभे.

पाचव्यापासून नववं बरोबर चार भोकं पुढे आहे. तुम्ही ‘चार भोकं’ उदाहरणादाखल लिहिलं होतंत ना? मी दोनदा मोजली.

जुना_वायरमन:

चाळीस वर्षांत असे बोर्ड पुष्कळ पाहिले, त्यातला पहिला माझाच होता.

टाचणी:

चार दिवसांनी येतेय. बरंच झालं, थोडं जळलंही.

कपॅसिटर टाकला त्याच दिवशी. डावा थंड उणे ६, चाळीस मिनिटांनी अधिक ११. म्हणजे सतरा. मीटरवाले, तुमचं १६-१७ वाचून मी कागदावर पुन्हा गुणाकार करून बघितला होता, विश्वास नव्हता म्हणून नव्हे, मजा वाटली म्हणून. एक नवीन गोष्ट दिसली: चालू केल्यावर ऑफसेट लगेच जागेवर येत नाही, दोन-तीन सेकंद झोके खात येतो. २२० मायक्रोफॅरड भरत असणार. आता चालू करून पाच सेकंद थांबते, मग हेडफोन लावते.

मग चिकटवणं. इथे माती खाल्ली. टी-१ आणि टी-२ काढले, चपट्या बाजूला थर्मल पेस्टचा बारीक थेंब, समोरासमोर दाबले, वर श्रिंक ट्यूब चढवून गरम केली. छान पिटुकला डबलडेकर झाला. जुन्याच भोकांत पाय घातले, डाख दिला, चालू केलं. मीटर २०० मिलिव्होल्टवर होता, त्याने नुसता ‘१’ दाखवला, म्हणजे माझ्या आवाक्यात नाही. मी रेंज वाढवायला हात नेला तेवढ्यात वास आला. ३३ ओहमचा रेझिस्टर. आधी तपकिरी, मग काळा, मग मधून एक बारीक लाल रेघ, आणि धुराची एकच गुंडाळी सरळ वर. प्लग उपटला. पाव वॅटचा होता तो.

नंतर मापलं तेव्हा आउटपुटला ११ व्होल्टच्या वर होते. ११चा वर्ग भागिले ३३, साडेतीन वॅटच्या वर. पाव वॅटवाल्याने जेवढं केलं तेवढं पुष्कळ.

कारण सांगितलं तर हसाल. बीसी५५०ची चपटी बाजू आपल्याकडे केली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दोघे चपट्या बाजूने समोरासमोर आणले की एकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या एमिटरसमोर येतो. आधी बोर्डावर दोघांचं तोंड एकाच दिशेला होतं. मी एकाला फिरवलं आणि भोकं तीच ठेवली. टी-१ उलटा बसला. उलट्या बेस-एमिटरला हे असले ट्रान्झिस्टर ५-६ व्होल्टच्या पुढे सोसत नाहीत, मी त्यावर जवळजवळ १५ लटकवले.

तिथे माझा हेडफोन असता तर? मीटरवाले, तुमच्या त्या एका ओळीबद्दल काय बोलू.

नवी जोडी आणली, या वेळी टी-१चे बाहेरचे दोन पाय एकमेकांवरून ओलांडून घातले, मधे बारीक स्लीव्ह. आता डावा थंड उणे ६, चाळीस मिनिटांनी उणे ५. तासाने उणे ५. बॉलपेनच्या नळीने श्वास सोडला तर पाव मिलिव्होल्ट हलतो, कधी इकडे कधी तिकडे, आणि परत येतो. खेळ संपला म्हणून जरा वाईटच वाटलं.

घरघर. मधली वायर अठराव्या भोकाशी नेऊन थेट कपॅसिटरांच्या पायांना दिली. पाचव्या, नवव्या, अकराव्यातल्या वायरी उपटल्या, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला तांब्याच्या जाड तारेचा एक गोळा केला, सगळ्या तिथे. कपॅसिटरांपासून गोळ्यापर्यंत एक वायर. आधी आणि नंतर लॅपटॉपच्या माइकच्या तोंडाला आउटपुट देऊन स्पेक्ट्रम पाहिला, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून, चार्जर काढून, नाहीतर त्याचीच भर पडते. आधीच्या चित्रात १००, २००, ३००, ४०० असे खांब उभे, अगदी काकांनी लिहिल्यासारखी रांग. नंतरच्या चित्रात १००चा एक बुटका, २००चा शोधावा लागतो. कानाला: काही नाही. हेडफोन लावून मी आधी प्लग पाहिला, चालू आहे ना म्हणून.

मऊ गुणगुण: पॉटच्या नटाला बोट लावल्यावर बंद, सोडल्यावर सुरू. मीटर बीपवर ठेवून पुढच्या पत्र्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत पाहिलं, बीप नाही. चारी स्क्रू घट्ट, आणि चारी स्क्रूंखाली रंग. मागच्या पत्र्याला अर्थ होतं, पुढचा पत्रा तरंगत होता. दोन स्क्रूंखालचा रंग चाकूने खरवडून चकचकीत केला, दातेरी वॉशर घातले. बीप. पॉटखालचाही खरवडला. गुणगुण गेली.

सगळं झाल्यावर एक नवंच: जॅक पत्र्यात घातला की अगदी बारीक घर्र परत येते, जॅक हवेत धरला की जाते. पुढचा पत्रा आता खरंच अर्थला लागलाय म्हणून?

मीटरवाला:

बरोबर. जॅकचं धातूचं अंग म्हणजे हेडफोनची परतीची वायर. पत्र्याला टेकलं की परतीला दोन रस्ते झाले, एक तुमच्या गोळ्याकडे आणि एक पत्र्यातून फिरून. आधी रंगामुळे वाचत होतात. फायबरचे वॉशर घालून जॅक पत्र्यापासून वेगळा करा, भोक एक आकार मोठं करावं लागेल. पॉट पत्र्याला चालतो, जॅक नको. आणि अर्थचा स्क्रू पत्र्यालाच राहू द्या.

खटपट्या:

अर्थ दोन्हीकडे परत लावलं. एक ॲम्प आता घरघरतो. दुसऱ्याचा फ्यूज लगेच उडाला.

जुना_वायरमन:

दुसरा चालू करू नकोस. प्लग काढून ट्रान्सफॉर्मरच्या मेनच्या बाजूपासून पत्र्यापर्यंत मीटरने बघ आणि काय दिसतं ते लिही. नव्या धाग्यात लिही, इथे ताईंचं चालू आहे.

टाचणी:

वॉशर घातले. शांत. उजवा अजून मोकळाच आहे, उणे ५ वरून उणे ४, म्हणजे चिकटवायची गरज नाही, पण डावा चिकटवलेला आणि उजवा नाही हे डोळ्यांना खुपतं.

मीटरवाला:

चिकटवा मग. ३३ ओहम मात्र पाच वॅटचा घ्या.